हातापाशी बटण होतं

लिउगोउ गाव, जिन्ता तालुका
१६ नोव्हेंबर १९९७

ल्यूदान,

तुझ्या निंगनिंगचा फोटो मिळाला. पोरगी बापावर गेलेली नाही, हे तिचं नशीब. बाबांच्या हातात फोटो दिला तर त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नाक आपलंच आहे." आंधळ्या माणसाला काय सांगायचं? मी म्हटलं, "हो, आपलंच."

परवा आपल्या दारात जीप थांबली. दोघे तुझ्या हवाई दलाच्या गणवेशातले आणि एक डॉक्टरीणबाई. अर्धं गाव कुंपणाला चिकटलं. शेजारच्या मा काकू मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "युएलान, खरं सांग, तुझ्या भावाने सरकारचं विमान पाडलं का?" मी म्हटलं, "काकू, विमान पाडलं असतं तर आधी त्याची राख आली असती, जीप नंतर." तेव्हा कुठे त्या घरी गेल्या.

तीन पिढ्यांचं विचारलं त्यांनी. कोण कशाने गेलं, कुणाला फेफरं येत होतं, कुणाच्या डोक्यात फरक होता. तू घोरतोस का, झोपेत चालतोस का, अंथरूण ओलं करायचास ते कितव्या वर्षापर्यंत. (हे शेवटचं मी तुझी अब्रू राखून सांगितलं. उपकार लक्षात ठेव.) मग बाईंनी भिंतीपाशी उन्हात बसलेल्या बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"काका, डोळे कशाने गेले?"

"चुना," बाबा म्हणाले. "भट्टीवर होतो. उडाला."

बाईंनी लिहून घेतलं. मग आजोबांचं विचारलं, तेव्हा मीच मध्ये पडले आणि सांगितलं, म्हातारपणाने गेले, बाकी धडधाकट होते.

तुलाही विचारतील. तूही चुनाच सांग. बाबांचे डोळे गेले तेव्हा तू तालुक्याच्या शाळेत होतास. घरी मी होते, त्यांनी कटोऱ्याबाहेर ओतलेला चहा पुसायला हातात फडकं घेऊन. तेव्हा मी सांगते ते खरं. तपासणी कशासाठी आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, "माझ्या डोळ्यांपायी पोराचं अडायला नको."

सोबत बुटात घालायच्या कापडी सोलांच्या दोन जोड्या आहेत. एका सोलाला नऊशे टाके. विश्वास नसेल तर मोज.

ताई

*

बीजिंगजवळ
२० जानेवारी १९९८

ताई,

माझा पत्ता बदलला आहे. पाकिटावर घरातलं 'ल्यूदान' नको, वेनशान लिही, आणि पाकिटामागचा पेटी क्रमांक, बाकी काही नाही. काम काय आहे ते मी पेईरोंगला, म्हणजे सख्ख्या बायकोलाही धड सांगू शकत नाही. तू तर्क करशीलच. कर, पण मा काकूंना सांगू नकोस.

विचारलं मला. मी चुना सांगितला. मला तेवढंच माहीत आहे.

इथे एक यंत्र आहे. लांबलचक लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला एक कोठी. आपण आत आडवं पडायचं आणि ते आपल्याला गरगर फिरवतं. छातीवर आपल्याच वजनाची आठ माणसं बसतात. गालांची कातडी कानांकडे पळते. रडू येत नसतं, पण डोळ्यांतून पाणी वाहतं. हातापाशी एक लाल बटण असतं. सहन होईनासं झालं की दाबायचं, यंत्र थांबतं. कुणी रागावणार नाही, असं आधीच सांगितलेलं असतं. आमच्यापैकी कुणीही ते दाबलेलं नाही. मी पहिल्या दिवशी बोट ठेवूनच पडलो होतो. ठेवलं होतं, दाबलं नाही.

आता फारसं काही वाटत नाही. बाहेर आलो की जेवायला बसतो, तेव्हा हातात काड्या आहेत की नाहीत ते बघून कळतं.

सोल घातले. टाके मोजले. आठशे अठ्ठ्याण्णव आहेत. दोन टाके कुठे ढापलेस?

तुझा,
वेनशान

*

लिउगोउ
१८ ऑक्टोबर २००३

ल्यूदान,

बुधवारी सकाळी मी बाबांना छपरावर चढवलं. वर जाईपर्यंत माझी कंबर गेली आणि त्यांची शिवीगाळ संपली. सगळी छपरं माणसांनी भरली होती. मग उत्तरेकडून पांढरी रेघ वर गेली. मी सांगत होते आणि ते मान वर करून ऐकत होते. "आवाज आला," म्हणाले. इतक्या लांबून आवाजबिवाज येत नाही. मी म्हटलं, "आला, केवढा मोठा."

मग टीव्हीवर अवकाशात गेलेल्या त्या माणसाचं नाव सांगितलं. बाबांनी ते दोनदा ऐकलं आणि विचारलं, "मग आपला कुठाय?"

"रांगेत आहे," मी म्हटलं. "सगळे एकदम कसे जातील? बैलगाडी आहे का ती?"

मा काकूंना मी काही सांगितलेलं नाही. बाबांनीच सांगून टाकलं, आणि नुसतं त्यांना नाही. भिंतीपाशी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणतात, "माझ्या पोराच्या हातापाशी बटण होतं. त्याने दाबलं नाही." कसलं बटण, कुठलं यंत्र, लोकांना काही कळत नाही. पण मान डोलवतात.

मा काकूंनी परत माझ्यासाठी एक विधुर शोधून आणला होता. तीन दात आणि दोन उंट. मी म्हटलं, उलट असतं तर विचार केला असता. बाबांना टाकून मी कुठे जाणार आहे, हे काकूंना कळतं, तरी दरवर्षी आणतात.

वर जाताना स्वतःचं काही नेता येतं का रे? येत असेल तर माझ्या सोलांची एक जोडी ने. आपल्या घरातलं काहीतरी तिथे जाऊन आलं, एवढं बाबांना सांगता आलं तर मला आणखी काही नको. हे मी खरंच म्हणते आहे, चेष्टा नाही.

ताई

*

बीजिंगजवळ
९ नोव्हेंबर २००३

ताई,

त्या सकाळी मी पडद्यासमोर सगळ्यांबरोबर उभा होतो. टाळ्या वाजवल्या. हात लाल झाले तरी थांबलो नाही. आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगतो. झालाच असणार.

वर थोडं सामान नेता येतं, मुठीत मावेल एवढं. तुझी एक जोडी मी कपाटात वेगळी ठेवली आहे, न वापरलेली. ती नेईन. बाबांना सांग, पुढच्या वेळी आवाज खरंच येईल.

निंगनिंग शाळेत जायला लागली. विमान दिसलं की घरातून धावत बाहेर जाते. पेईरोंग मला बोलते.

वेनशान

*

बीजिंगजवळ
१२ मार्च २००६

ताई,

बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. या छिंगमिंगलाही, पितरांच्या दिवशी, थडगं झाडायला मला येता येणार नाही. माझ्या वाटचं तू कर.

वर्षाची तपासणी झाली. सगळं ठीक आहे. एक विचारायचं होतं, सहजच. आजोबांना शेवटपर्यंत दिसत होतं ना? आणि बाबांचं ते चुन्यामुळेच ना? डॉक्टर जुने कागद पुन्हा भरतायत, त्यात एक रकाना आहे. तू खरं असेल ते लिही, म्हणजे मी तसं सांगेन.

वेनशान

*

लिउगोउ
६ एप्रिल २००६

ल्यूदान,

कसला रकाना? नऊ वर्षांपूर्वी दारात येऊन सगळं लिहून नेलं, आता पुन्हा कशाला? तुझी पाळी आली म्हणून का? तसं असेल तर सांगू नकोस, मी समजते.

तर लिहून घे. आजोबा मरायच्या आदल्या दिवशी स्वतः सुईत दोरा ओवत होते. बाबांचं चुन्याने गेलं, भट्टीवर, सगळ्या गावाला माहीत आहे. आपल्या घराण्यात डोळ्यांचं कुणाला कधी काही नाही. मला विचारशील तर माझे डोळे घारीचे. कुठल्याही डॉक्टरला माझं नाव सांग आणि पाठव इकडे.

काल थडगं झाडलं. तुझ्या नावाने कागद जाळले, दारू ओतली. अर्धी पेल्याबाहेर सांडली, तर मा काकू म्हणतात, "बाप पीत होता तेव्हा थेंब वाया जात नव्हता." मी म्हटलं, वारा होता.

बाबा असते तर या पत्राने त्यांना काय वाटलं असतं! तू जा. इकडची काळजी करू नकोस. इकडे तुझं अडवणारं काहीही नाही.

ताई

*

लिउगोउ
३० सप्टेंबर २००८

ल्यूदान,

या वेळी रात्री उडालं. मा काकू आमच्या अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या, "बाई गं, केवढा उजेड!" मला नीट दिसलं नाही, धूळ होती. छपरावर मी गेले नाही. शिडी आता नको वाटते.

टीव्हीवर यानातला माणूस दार उघडून बाहेर आला आणि झेंडा हलवला, ते मी ऐकलं. म्हणजे पाहिलं. तुझं नाव नव्हतं.

लोक विचारतात. बाबांच्या मातीला आलास तो शेवटचा, चार वर्षं होतील. नववर्षाला तुझा फोन येतो, तू म्हणतोस 'बरं आहे', मी म्हणते 'बरं आहे', आणि फोन ठेवतो. म्हणून लिहिते आहे. तू का नाहीस अजून? काही झालंय का? माझ्याकडून काही अडलंय का? कुणी आलं होतं का चौकशीला?

यंदाची जोडी पाठवते आहे.

ताई

*

बीजिंगजवळ
२ नोव्हेंबर २००८

ताई,

कुणी आलेलं नाही आणि तुझ्याकडून काहीही अडलेलं नाही. मी राखीव होतो. प्रत्येक वेळी काही माणसं पूर्ण तयार करून ठेवतात. त्यांना सगळं येतं, तीही रोज सगळं करतात, आणि शेवटच्या दिवशी टाळ्या वाजवतात. मला त्याचं काही वाटत नाही.

घरी येणं जमत नाही. शिकवण्याचं काम वाढलं आहे, म्हणजे शिकण्याचं.

सोल मिळाले. मोजले. सहाशे चाळीस टाके आहेत आणि फुलाची एक पाकळी टाचेबाहेर गेली आहे. म्हातारी झालीस की आळशी? निंगनिंग म्हणाली, "बाबा, हे आत्याने केलेलं नाही, कोंबडीने केलंय." मी तिला रागावलो, पण मलाही हसू आलं.

वेनशान

*

लिउगोउ
२० फेब्रुवारी २०११

ल्यूदान,

एका पानात चारच ओळी मावतात म्हणून तू नववर्षाच्या फोनवर हसलास. हस. अक्षर मोठं काढलं की वाचणाऱ्याला त्रास होत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन चष्मा घे म्हणालास. मी जाणार नाही. दवाखान्यात गेलं की कागद होतो, कागद झाला की तो फिरत फिरत कुठे पोचेल सांगता येत नाही. तुला हे कळायला हवं, तू कागदांच्याच गावात राहतोस.

तू एकदा वर जाऊन ये. मग मी बीजिंगला येते, तुझ्या त्या मोठ्या दवाखान्यात, आणि हवे तेवढे चष्मे घेते. तोवर माझं चाललंय. स्वयंपाक येतो, कोंबड्या ओळखतात. मा काकू म्हणतात मी दाराला नमस्कार करत फिरते. उजव्या खांद्याला नेहमीच एक निळा डाग असतो, तेवढंच.

फक्त एक सांग. पाळी येणार आहे ना? नसेल तर तसं सांग. मी ऐकून घेईन.

ताई

*

बीजिंगजवळ
१५ मार्च २०११

ताई,

येणार आहे. माझा क्रमांक वर सरकला आहे. एका वर्षात, फार तर दोन. तू जोडी तयार ठेव, या वेळची कोंबडीची नको.

कागदाची काळजी करू नकोस आणि चष्मा घे.

आणखी काही लिहायचं होतं, ते पुढच्या पत्रात.

वेनशान

*

बीजिंगजवळ
७ जुलै २०१३

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता लिहून टाकतो. थोड्या महिन्यांत आमच्यातल्या न गेलेल्या माणसांना रीतसर निरोप देणार आहेत. ते कुठून तरी तुझ्या कानावर येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

मी वर जाणार नाही. हे मला सात वर्षांपासून माहीत आहे.

२००६ च्या मार्चमध्ये तपासणीत माझ्या डोळ्यांतला दाब जास्त निघाला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, अगदी सुरुवात. घरात कुणाला होता का? मी तुला पत्र लिहिलं. तुझं उत्तर आलं, ते मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'वंशात नाही.' एप्रिल संपायच्या आत माझं नाव यादीतून काढलं. वागले चांगले. चहा दिला, खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून मी नव्या मुलांना शिकवतो. खोट्या यानात बसवतो, खोटी आग लावतो, ते ती खरी समजून विझवतात.

म्हणजे २००८ साली मी राखीव होतो, हे खोटं. क्रमांक वर सरकला, हे तर अगदीच खोटं. बाबा छपरावर मान वर करून ऐकत होते, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. घरी आलो असतो तर तू माझ्याकडे बघून ओळखलं असतंस. म्हणून आलो नाही. मला शरम वाटत होती, ताई. आता तीही फारशी वाटत नाही. मधेच कधीतरी गेली.

माझी काळजी करू नकोस. मला काहीही झालेलं नाही. एक छोटी पांढरी बाटली असते, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. एवढंच. सात वर्षांत नजर तसूभर कमी झालेली नाही. वेळेत कळलं म्हणून, असं डॉक्टर म्हणतात, एकदा गेलेलं परत येत नाही. घराण्यात असेल तर भावंडांनाही तपासायला बोलावतात. तुझी तेवढी यातायात वाचली.

निंगनिंग हवाई दलाच्या निवडीला बसणार म्हणते आहे. ऐकत नाही. काल तिचा अर्ज आला. त्यात तोच रकाना आहे, तीन पिढ्यांचा. माझ्यापुढे 'वंशात नाही' असं डॉक्टरांनीच लिहिलेलं आहे, त्यामुळे तिचं अडणार नाही. बाकी सगळ्यांपुढे मी 'काही नाही' असं भरणार आहे.

तुझी जोडी अजून कपाटातच आहे. परत पाठवू का?

वेनशान

*

लिउगोउ
१ ऑगस्ट २०१३

वेनशान,

मी फू मास्तर. चौथीत तुला भागाकार शिकवला तो. हे अक्षर माझं आहे, शब्द तुझ्या ताईचे. मी काही गाळणार नाही आणि काही घालणार नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे.

ल्यूदान,

तुझं पत्र मास्तरांनी दोनदा वाचलं. पहिलं वाचन झाल्यावर मी उठून कोंबड्यांना दाणे टाकले. ती वेळ होती त्यांची. मग आले आणि म्हटलं, पुन्हा वाचा. थेंबांपाशी आल्यावर म्हटलं, तेवढं परत. 'सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. एवढंच.'

आता तू ऐक. आजोबा चाळिशीनंतर भिंत धरून चालत होते. सुईत दोरा मी ओवून द्यायचे. बाबा चुन्याच्या भट्टीवर दोन हिवाळे होते हे खरं, पण त्यांचा चहा त्याच्या आधीपासून कटोऱ्याबाहेर पडत होता. जीप आली तेव्हा आम्ही दोघांनी ठरवून चुना सांगितला. ठरवायला बोलावं लागलं नाही.

माझं बाबा गेल्यावर पुढच्या वर्षी सुरू झालं. आधी कडा गेल्या. मग मध्ये नाण्याएवढं राहिलं, त्यातून सुई दिसायची, म्हणून सोल शिवत राहिले. तू रकान्याचं विचारलंस तेव्हा मला सगळं माहीत होतं. मला वाटलं, मी एक शब्द बोलले की तू खाली उतरवला जाशील. तुझं उतरणं आधीच ठरलेलं होतं.

गेल्या वर्षी ती पहिली बाई वर गेली. टीव्हीच्या काचेला नाक लावलं तेव्हा तिचा चेहरा दिसला, अर्धा. त्यानंतर काही दिसलेलं नाही. चुलीत जाळ आहे की नाही हे हाताला कळतं.

मला राग यायला हवा. मास्तरांना आला, त्यांनी टेबलावर मूठ आपटली, ती मी ऐकली. मा काकू रडल्या. मी बसून वाट पाहिली, आता येईल, मग येईल. दहा दिवस झाले. काही येत नाही. तुझं असंच होतं का रे, त्या यंत्रातून बाहेर आल्यावर?



बाबा भिंतीपाशी बसून सगळ्यांना सांगायचे, माझ्या पोराने बटण दाबलं नाही. तेव्हा मी आत पीठ मळता मळता मनात म्हणायचे, पोरीनेही नाही. मला त्याचा अभिमान होता. हे तुला कळावं म्हणून सांगितलं, टोचावं म्हणून नाही.

आता मी सांगते तसं कर. अर्जात काही नाही असं भरू नकोस. आजोबांचं नाव लिही, बाबांचं लिही, माझं लिही, तुझं लिही. चौघांपुढे एकच लिही. चुना नव्हता असं लिही. वंशात आहे असं तुझ्या डॉक्टरांनाही जाऊन सांग, आणि कोण खोटं बोललं म्हणाले तर माझं नाव दे. मग आधी पोरीचे डोळे दाखव, निवड नंतर. तिला घेतील, न घेतील. नाही घेतलं तर रडेल, तुझ्यावर चिडेल, जेवणार नाही. रडू दे. मला कुणी अर्ज दिला नव्हता, नाहीतर मीही रडले असते.

कपाटातली जोडी परत पाठवू नकोस. घाल. कपाटात ठेवायला नव्हती शिवली मी.

सोबत आणखी एक जोडी आहे, निंगनिंगची. माप पेईरोंगने फोनवर वितीत सांगितलं. बोटांनी चाचपून शिवली आहे. फूल काढलेलं नाही. टाके वाकडे असतील, चालताना ते कळत नाही.

तू ये. तुला बघून मी आता काही ओळखणार नाही, तेव्हा घाबरू नकोस.

आणि तुझे थेंब चुकवू नकोस.

ताई